बोंड्याची सव्वा मूठ

नाही हो, नाही! जेवून नाही आलो! हात ओला दिसला की लगेच तुमचं सुरू, काय भाईदास, झालं का जेवण, रोट कसे होते, खीर कशी होती... अहो, कसले रोट आणि कसली खीर! आत पंगत बसलीय, सासरचे झाडून सगळे भाऊबंद मांडीला मांडी लावून बसलेत, गुळा-वेलदोड्याचा वास पार रस्त्यावर आलाय, आणि मी इथं ओट्यावर, उपाशी, ओला हात झटकत उभा. का उभा? जावई म्हणून! त्यातही घरजावई! आता मी काय बोलणार? मी पडलो जावई.

बसा, बसा की. तुम्हीही इथं वासावरच पोट भरायला बसलात ना? मग ऐका. हाताचं शेवटी सांगतो, आधी बोंड्याचं ऐका, कारण हा हात ओला झाला तो त्या बोंड्यापायी, आणि मधे कुणी बोलू नका, मधे बोललं की माझं सुटतं.

आता तुमच्यातले हे दोघे-तिघे परमुलखातले दिसतात, त्यांना आधी रोट काय ते सांगायला पाहिजे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, रविवारी, तिच्या नैवेद्याचा हा रोट. घरात जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, त्यात पुरण भरून रोट लाटायचे. आणि खायचे कुणी? फक्त भाऊबंदांनी! एका कुळाच्या माणसांनी! परक्याला तुकडा नाही, चिमूट नाही, अहो, ताटं धुतलेलं पाणीसुद्धा मागं खड्डा खणून त्यात ओततात, म्हणजे परक्याच्या तोंडी काय, पायाखालीसुद्धा जायला नको. आणि जावई म्हणजे कोण? परका. दुसऱ्या कुळाचा. मी म्हणतो, बरोबर आहे, देवीचा नियम आहे, पण तुम्हाला सांगतो, बारा महिने नानांच्या म्हशीला पेंड कोण आणतं? मी! नाना म्हणजे गिरधर नाना, माझे सासरे. नानांना दम लागला की पाठ कोण चोळतं? मी! आणि कानबाईच्या दिवशी नाना मला काय म्हणतात? ‘पाव्हना, तुम्ही जरा बाहेर बसा.’ पाव्हना! डोक्यावरचे केस गेले माझे या घरात, आणि अजून पाव्हना!

बरं, धुळ्याला आमच्या घरी तरी खाल्ला असशील म्हणाल, तर आमच्या कुळाची कानबाई पणजोबांच्या काळातच बंद पडली. म्हणजे सासरी हक्क नाही आणि माहेरी... पुरुषाच्या घराला काय म्हणतात हो? तिथं रोटच नाही! अख्ख्या खानदेशात रोटाची चव माहीत नसलेला मी एकटाच असेन.

तर बोंड्या. मी जिनात काट्यावर असतो, कापसाच्या गाड्या तोलतो, हे ठाऊकच आहे तुम्हाला. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, भर हंगामात, मी सहज दाबाकडं गेलो. दाब म्हणजे काय, एक मोठी पेटी असते, तीत रुई टाकतात, वरून माणसं पायांनी तुडवतात, मग दाब चालू झाला की त्या डोंगराएवढ्या रुईची एवढीशी कडक गाठ होऊन बाहेर पडते. मी वरून बघतोय, तर त्या रुईत दोन काळे ठिपके. मी म्हटलं, सरकी राहिली वाटतं. तेवढ्यात सरकीनं डोळे मिचकावले! सरकी डोळे मिचकावते का? मी असा ओरडलो, असा ओरडलो, ‘थांबवाऽ! दाब थांबवाऽ!’ की इंजिनावरच्या नूर महंमदनं घाबरून इंजिनच बंद केलं, बायका आग लागली म्हणून पोरं उचलून पळाल्या, कुणी पाण्याच्या बादल्या आणल्या, मालक गादीवरून उठून अनवाणी धावत आले, आणि मी पेटीत उतरून वर आलो तो हातात हे एवढं पिल्लू! पांढरंशुभ्र. नाकाला रुई लागलेली, शिंकत होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर गाठीत बांधून मुंबईला गेलं असतं हो ते! मालक मला काय काय बोलले ते इथं सांगत नाही, पलीकडं बायका बसल्यात.

नाव ठेवलं बोंड्या. कापसात सापडला, बोंडासारखा पांढरा, दुसरं काय ठेवणार? उपरण्यात गुंडाळून घरी आणला. नाना इथंच, या ओट्यावर बसलेले. म्हणाले, ‘पाव्हना, हाई काय लई उनात?’ म्हटलं, नाना, पिल्लू आहे. ‘ते माले बी दिसस. कोनं शे?’ म्हटलं, कुणाचंच नाही. तर म्हणतात, ‘मंग बाहेर बांधा. घरमा बाहेरना एक बस शे.’ म्हणजे घरात बाहेरचा एक पुरे आहे! तो एक कोण, ते तुम्हीच ओळखा. मी काय बोलणार? मी पडलो जावई. पण तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मला आतून बरं वाटलं. म्हटलं, चला, इतकी वर्षं या घरात बाहेरचा मी एकटाच होतो, आता दोघं झालो. संध्याकाळी जिनातून आलो की हा ओट्यावरून उडी मारून माझ्या धोतरात शिरायचा. या घरात माझी वाट बघणारं... म्हणजे आमची मंडळी बघते, यशोदा बघते, नाही असं नाही, पण ती काही उडी मारत नाही ना!

पुढं मागच्या वर्षीचा श्रावण लागला. झड लागलेली, गोचिडींचा सुकाळ. एका संध्याकाळी मी आलो तर हा उडी मारेना. पडून राहिला, नुसती शेपटी हलवली, तीसुद्धा टोकाला. कान हाताला चटका बसेल एवढा गरम. भाकरी टाकली, बघितली नाही. दूध ठेवलं, तोंड फिरवलं. म्हटलं, असेल, खाल्लं असेल कुठं काहीबाही. सकाळी उठून बघतो तर भिंतीशी त्यानं लघवी केलेली... लाल! कुंकू कालवल्यासारखी लाल! तुम्हाला सांगतो, मी तिथंच चिखलात बसलो.

आता घरात एक माणूस आजारी पडलं की सगळे वैद्य होतात, आणि कुत्रं पडलं की वैद्यांचेही वैद्य! सासूबाई, म्हणजे आमच्या धुरपदाबाई, त्या म्हणाल्या, ‘नजर लागली हो! किती पांढरं ते!’ आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, घरभर ठसका, कुत्र्याला शिंक आली, मला एवढा आनंद झाला, म्हटलं, शिंकला, म्हणजे जिवात जीव आहे! नाना म्हणाले, ‘मरी जाई तो. कानबाई तोंडवर शे, घरमा मरू देऊ नका.’ असं कुणी बोलतं का? कुत्र्याच्या तोंडावर? मी काय बोलणार... पण यशोदा आतून हळूच म्हणाली, ‘अहो, ऐकत काय बसलात? ढोरांच्या दवाखान्यात न्या ना त्याला.’ 

नेला! टांगेवाला म्हणतो, भाऊ, कुत्र्याला नाही बसवणार, घोडा बुजतो. मग पासोडीत गुंडाळून खांद्यावर घेतला आणि निघालो त्या काळ्या चिखलातून, एक वहाण चिखलात राहिली ती अजून तिथंच असेल, आणि सगळा वेळ याचं तोंड माझ्या मानेशी, गरम श्वास, मी चालताचालता त्याला म्हणतोय, ‘श्वास घे बरं, बोंड्या, घेत रहा, थांबू नको,’ आणि त्याचा श्वास जरा लांबला की माझाच बंद!

दवाखान्यात हीऽ गर्दी. बैल, म्हशी, एक गाभण शेळी, कलेक्टरसाहेबांचा घोडा, आणि कुत्रं घेऊन आलेला मी एकटा. एक शेतकरी विचारतो, ‘काय भाऊ, आउतले जुपाना शे का त्याले?’ सगळे हसले. हसा म्हटलं. माझा जीव इथं टांगणीला लागलाय आणि यांना औत सुचतंय!

डॉक्टर नासीर म्हणजे मुंबईला परळच्या ढोरांच्या कॉलेजात शिकून आलेले, माणूस मोठा गुणी, पण दिवसभर बैलांशी बोलून बोलून आवाज असा झालाय की मी दारातच दचकलो. ‘तोंड उघडा!’ म्हणून गरजले. मी उघडलं. ‘अहो तुमचं नाही, कुत्र्याचं!’ मग त्यांनी बोंड्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक, वर पिवळी झाक. डॉक्टर गप्प. डॉक्टर ओरडत होते तोवर मला धीर होता, गप्प झाले तसा मीच ओरडायला लागलो. म्हटलं, काय झालंय हो? ‘गोचिडीचा ताप. किडे रक्तात शिरलेत, रक्त खाऊन टाकतायत.’ म्हटलं, वाचेल ना? तर म्हणाले, ‘अभी मत पूछो.’ आता मला सांगा, डॉक्टरनं मत पूछो म्हटल्यावर माणसाला दुसरं काही पुसायचं सुचतं का?

मग कपाटातून एक बाटली काढली. साहेब लोकांच्या शिकारी कुत्र्यांसाठी विलायतेहून मागवलेलं औषध, तळाशी थोडंसं उरलेलं. बघतो तर निळं! गर्द निळं! मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, थांबा, घोटाळा होतोय, ही दौत आहे! ‘दौत नाही, दवा आहे! पाय धरा!’ मी डोळे मिटून घट्ट धरला. तर डॉक्टर म्हणतात, ‘भाईदास, माझा सोडा, त्याचा धरा.’ शिरेत सुई गेली, निळं औषध आत गेलं, बोंड्यानं हूं का चूं केलं नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. ओरडायचीसुद्धा ताकद नव्हती हो त्याच्यात.

निघताना डॉक्टरांनी मला दारात थांबवलं, आवाज पहिल्यांदाच खाली आणला, म्हणाले, ‘ऐका नीट. दवा आपलं काम करील. पण याच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. हा आपण होऊन उठला आणि आपल्या तोंडानं काही खाल्लं, तर वाचला. नाही खाल्लं, तर परत आणायची तकलीफ घेऊ नका. आणि ज्या घडीला, ज्या कशाला तोंड लावील, हाड असो, शेण असो, काय वाटेल ते असो, त्याला अडवायचं नाही. हाड् म्हणायचं नाही. एकदा तोंड फिरवलं की मग नाही खाणार.’ हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, तिथंच तर सगळं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी काय व्हावं? कुत्रं निळं! अहो, खरंच सांगतो! हिरड्या निळ्या, जीभ निळी, डोळ्यांतलं पांढरं निळं, पोटाची कातडी निळी, आणि वरून पांढरे केस. गल्लीत बोभाटा झाला. कुणी म्हणे विष घातलं, कुणी म्हणे रंगाऱ्याच्या हौदात पडलं, कुणी मलाच विचारतो, भाईदास, नीळ घालून धुतलंस का? लघवीची लाली कमी झाली हो, ताप उतरला, औषधानं त्याचं काम केलं, पण हा खाईल तर शपथ! आणि मी जिनातून सुटी घेऊन त्याच्या पुढ्यात ताटल्या मांडून बसलेला. दूध-भाकरी? नाही. कळण्याची भाकरी ताकात कुस्करून? नाही. साजूक तूप लावलेला भात? अहो, मला कधी मिळाला नाही तसा भात यशोदानं त्याच्यासाठी केला, त्यानं वासही घेतला नाही. पेढा? नाही! ‘खा ना रे बाबा,’ म्हणतो मी, ‘खा ना राजा, एक घास...’ त्यानं नुसतं माझ्याकडं बघायचं, निळ्या डोळ्यांनी, आणि मान खाली टाकायची.

डॉक्टरांकडं पळालो. ते म्हणाले, ‘कलेजीचा शोरबा द्या.’ कलेजीचा! श्रावणात! ज्या घरात कानबाई तोंडावर आली म्हणून कांदासुद्धा बंद, त्या घरात! यशोदाला सांगितलं तर तिनं पदर तोंडात कोंबला. शेवटी नूर महंमदच्या घरी गेलो, त्याच्या रहिमाबीनं बिचारीनं करून दिला, कडीच्या डब्यात घातला, आणि मी डबा छत्रीच्या आत धरून चोरासारखा घरात शिरतोय, तर नाना ओट्यावर! ‘पाव्हना, डबामा काय शे?’ म्हटलं, औषध आहे, नाना, कुत्र्याचं. नानांनी नाक वर केलं, डोळे मिटले, म्हणाले, ‘वास ते चांगला ई राहिना.’ माझी पाचावर धारण बसली! आणि इतकं करून, धर्म पणाला लावून, मागच्या पडवीत नेऊन त्याच्यापुढं ठेवला, तर या पठ्ठ्यानं तोंड फिरवलं. मग मात्र मला रडू आलं. लाज कसली, आलं रडू. म्हटलं, हा चालला. आता परत या घरात बाहेरचा मी एकटा.

आणि उजाडला कानबाईचा रविवार. घर सारवलेलं, दारात केळीचे खांब, रावेरहून, सावद्याहून भाऊबंद आलेले, ही गर्दी, डफ वाजतोय, गाणी चाललीयत, आणि बोंड्या मागच्या पडवीत पोत्यावर पडलेला, कान गार पडलेले. परवापर्यंत गरम म्हणून घाबरत होतो, आता गार म्हणून! नासीर डॉक्टर सायकलवरून जाताना मागच्या दारानं डोकावले, रविवार असून, बोलावलं नसताना. छातीला हात लावला, म्हणाले, ‘आज बघा. आज खाल्लं तर खाल्लं,’ आणि गेले. असं म्हणून जायचं असतं का?

मी पोत्याशेजारी बसलेला. तेवढ्यात सासूबाई आल्या, डोक्यावर रोटांची टोपली. देवघरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून टोपली मागच्या पडवीत आणली, धुतलेल्या पाटावर ठेवली, वर फडकं टाकलं, आणि मला म्हणाल्या, ‘जावईबापू, आरती होईपर्यंत इथंच बसा, मांजर फिरतंय. आणि तुम्ही हात लावू नका हं!’ म्हणजे बघा, खायला परका आणि राखायला घरचा! मी काय बोलणार? मी पडलो जावई. बसलो राखत. इकडं कुत्रं मरतंय, तिकडं रोट, मधे मी.

आत आरती सुरू झाली. आणि काय सांगू तुम्हाला... बोंड्याचं नाक हललं. मला वाटलं, भास झाला. परत हललं! मान वर आली. मग पुढचे पाय. मग मागचे, ते लटपटले, पडला, मी हात पुढं केला नाही, डॉक्टर म्हणाले होते आपण होऊन उठला पाहिजे, परत उठला, आणि झोकांड्या खात, भिंतीला अंग घासत, निघाला. कुठं? टोपलीकडं! फडकं नाकानं बाजूला सारलं. मी उभा राहिलो. तोंडातून ‘हाऽ...’ एवढं आलं, पुढचं ‘ड्’ आत गिळलं. अहो, कानबाईचा नैवेद्य! अख्ख्या भाऊबंदकीचे रोट! दिवसभराचे उपाशी लोक आत टाळ्या वाजवतायत! आणि इकडं डॉक्टरांचा आवाज डोक्यात, अडवायचं नाही, हाड् म्हणायचं नाही! तुम्ही असता तर काय केलं असतं? नका सांगू, तुम्ही तिथं नव्हतात. बोंड्यानं एक रोट ओढला, पुढच्या पायांत धरला, आणि त्या निळ्या तोंडानं, हळूहळू, एक घास... गिळला! दुसरा घास! मी कानबाईच्या दिशेनं हात जोडले, म्हटलं, माय, मला काय शिक्षा करायची ती कर, पण याला खाऊ दे. आणि बसलो खाली. अडवलं नाही. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं मी म्हणतोय, ‘चावून खा रे, चावून खा.’

आरती संपली. सासूबाई आल्या. किंकाळी अशी फोडली की डफ बंद! सगळे मागं धावले, नाना पुढं, त्यांच्यामागं झुलाल आबा, हे भाऊबंदकीतले सगळ्यात वडील, काठी टेकत. आणि बोंड्या? ढिम्म! दुसरा रोट चालू! नाना माझ्याकडं बघतात. म्हटलं, नाना, मी बघत होतो. मांजर नव्हतं. मी त्याला खाऊ दिलं. नानांचा चेहरा असा झाला की मी मनात धुळ्याच्या गाडीची वेळ आठवायला लागलो.

एक जण म्हणाला, ‘बठ्ठा रोट बाटी ग्यात! पुरी टाका!’ म्हणजे सगळे रोट बाटले, पुरून टाका. म्हणजे परत गहू काढा, दळा, पुरण शिजवा, लाटा... पोरं रडायला लागली, बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले. सकाळपासून कुणाच्या पोटात पाणी नव्हतं. आणि झुलाल आबा तर टोपलीकडं असे बघत होते की मला त्यांची दया आली. आबांनी काठी आपटली. ‘थांबा. परकाना पोटमा रोट गया, ते रोट बाटनात. बराबर?’ सगळे म्हणाले, बराबर. ‘आनि भाऊबंदना पोटमा गया, ते?’ सगळे म्हणाले, ते काहीच नही! ‘मंग हाऊ परका शे, असं कोन म्हनस?’ नानाच बोलले, ‘आबा, कुत्रा शे तो!’ आबांनी काठीच्या टोकानं बोंड्याची हनुवटी वर केली. निळी जीभ बाहेर. ‘देखा! श्रावणना महिना, तोंड निळं, आनि बठ्ठं सोडीसन रोटलेच तोंड लावं! हाऊ साधा कुत्रा नही!’ मी म्हटलं, आबा, ते औषध आहे हो, विलायती, डॉक्टर नासीरनी... ‘पाव्हना, तुम्ही मधमा बोलू नका. हाई भाऊबंदनं काम शे.’ मी काय बोलणार? मी पडलो जावई.

ठरलं! कुत्रा भाऊबंद ठरला! सगळ्यांनी हात जोडून ‘कानबाई माय की जय’ केलं आणि पंगतीकडं धावले. पण आबा नियमाचे पक्के. म्हणाले, भाऊबंद आहे, तर त्याच्या नावाचे गहू निघाले पाहिजेत. निघायचे कुठल्या घरातून? नानांच्या! आता तुम्हाला ठाऊक आहे, नानांना मुलगा नाही, एकटी यशोदा. त्या घरातून इतकी वर्षं एकच सव्वा मूठ निघायची, नानांची स्वतःची. नाना कोठीपाशी गेले. मूठ भरली, सुपात टाकली, वर पाव मूठ टाकली. तोंडानं म्हणाले, ‘बोंडू.’ सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी दारात उभा. बोंड्या जगला याचा आनंद एवढा की छाती फुटेल असं वाटत होतं, आणि त्या सुपाकडं बघून वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? चांगलंच वाईट वाटलं.

डॉक्टरांना सांगायला गेलो, खाल्लं हो, वाचला! त्यांनी कलेक्टरच्या घोड्याचा पाय सोडून मला मिठी मारली. ‘काय खाल्लं?’ म्हटलं, रोट. ‘रोट? कैसा होता है? काय असतं त्यात, ज्यानं कुत्रं उठून बसलं?’ म्हटलं, डॉक्टरसाहेब, मला काय ठाऊक, मी कधी खाल्लाच नाही!

पुढं बोंड्या भराभर सुधारला, निळा रंग उतरता उतरता दिवाळी गेली. आणि आज परत कानबाई. सकाळी नानांनी दोन सव्वा मुठी काढल्या, न सांगता. आत्ता पंगतीत नानांच्या उजव्या हाताला तो बसलाय, पुढं पत्रावळ, त्याच्या बाजूला झुलाल आबा त्याला खीर आग्रह करून वाढतायत. आणि मी? मघा मागच्या पडवीत रिकामी टोपली राखत होतो. तर एवढ्यात हा पंगतीतून उठला, तोंडाला रोट माखलेला, शेपटी हलवत मागं आला, थेट माझ्याकडं, आणि माझा हा हात चाटायला लागला, पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांतून. तुम्हाला सांगतो, मी हात तसाच पुढं धरून ठेवला. म्हटलं, भाऊबंद झाला तरी माणूस ओळखतो! तेवढ्यात सासूबाईंची हाक, ‘अहो जावईबापू! हात! तोंडाला लावू नका तो हात! रोट लागलाय त्याला! खड्ड्यावर धुवा, खड्ड्यावर, अंगणात नको!’

गेलो. खड्ड्यावर उकिडवा बसलो. धुतला. बोंड्या बघत उभा होता, धुऊन होईपर्यंत थांबला, आणि मग परत आपल्या जागेवर जाऊन बसला, नानांच्या शेजारी. म्हणून हा हात ओला. कळलं? जेवून नाही आलो...

काय हो नाना? ‘पाव्हना, बोंडूले पानी लई या!’ आलो, नाना, आलो! ऐकलंत ना? जातो बुवा. भाऊबंदांना तहान लागलीय, आणि मी पडलो जावई.